पहिल्या कुलगुरू

लेडी प्रेमलीला ठाकरसी यांचे नाव निघताच पुण्याची पर्णकुटी आठवते. १९३३ च्या मे महिन्यात गांधीजींचे २१ दिवसांचे उपोषण तेथेच पार पडले. तथापि बाईंच्या शैक्षणिक कार्याचे स्मरण आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठास त्यांचे पती सर विठ्ठलदास यांनी मातोश्री नाथीबाईंच्या स्मरणार्थ १५ लाखांची देणगी दिली. तरीही विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळण्यास १९५१ साल उजाडले. त्यानंतरच्या पहिल्या कुलगुरू म्हणून बाईंनीच कारभाराची धुरा वाहिली. १९७७ साली त्या निवर्तल्या. स्त्रियांच्या विद्यापीठाची सूत्रे स्त्रीच्या हाती असावीत, हे आज सर्वांस स्वाभाविक वाटते. इतर विद्यापीठांत मात्र कुलगुरुपदी स्त्री अद्यापि अपवादानेच दिसते. हा अपवाद सरला, तरच बाईंचे स्मरण सार्थ झाले, असे आम्ही मानू.