पंचमची शिल्लक

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, असा बेत गावोगाव ठरतो. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत सारे गाव घोंगडी पांघरून जागे राहते.

४ जानेवारी १९९४ च्या रात्री मी वडशाजवळच्या एका गावात असाच नाटकाला बसलो होतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाखेत तेव्हा मी बँकेचा अधिकारी होतो. त्या दिवशी रेडिओवर राहुलदेव बर्मन गेल्याची बातमी आली होती. वादकांमध्ये एक वयस्कर ऑर्गनवाले बसले होते आणि त्यांच्या शेजारी एक तरुण नवा कोरा कॅसिओ घेऊन बसला होता. बहुतेक गाणी आता तो तरुणच वाजवत असे. म्हाताऱ्याकडे नांदी आणि एखादे जुने पद तेवढे उरले होते. दोन अंकांच्या मधल्या वेळात त्यांनी कुणाला न विचारता 'अमर प्रेम'मधल्या 'बडा नटखट है' या गाण्याची चाल धरली. चहाला उठलेली काही माणसे उभ्या उभ्या थांबली. चाल संपली, लोक चहाला गेले, आणि पुढचा अंक सुरू झाला.

खरे सांगायचे तर बातमी ऐकून माझ्या मनात आले होते की, हा माणूस संगीतकार म्हणून पाच-सात वर्षांपूर्वीच संपला होता. असे वाटणारा मी एकटा नव्हतो.

बँकेत निष्क्रिय खाते नावाचा एक प्रकार असतो. खातेदाराने बराच काळ पैसे भरले नाहीत की काढले नाहीत, तर त्याचे खाते तेव्हा रोजच्या खतावणीतून काढून वेगळ्या वहीत टाकत असत. आत शिल्लक असे, तिच्यावरचा हक्कही त्याचाच असे; फक्त ती वही रोज कुणी उघडत नसे. पंचमचे हिंदी चित्रसृष्टीने हेच केले होते. ते खाते पुन्हा कसे उघडले गेले आणि त्यातून काय निघाले, त्याची ही हकीकत आहे.

राहुलदेवचा जन्म २७ जून १९३९ चा, कोलकात्याचा. वडील सचिनदेव बर्मन त्रिपुराच्या राजघराण्यातले, पण मन बंगालच्या नावाड्यांच्या गाण्यांत रमलेले. आई मीरादेवी स्वतः गीते लिहिणारी. 'पंचम' हे टोपणनाव कसे पडले याच्या दोन-तीन कथा आहेत, आणि बहुतेकींत तान्हेपणी त्याच्या तोंडून निघालेला 'प' आहे. अली अकबर खाँसाहेबांकडे तो सरोद शिकला. माउथ ऑर्गन मात्र त्याचा जिवाभावाचा. 'सोलवाँ साल'मधल्या हेमंतकुमारांच्या प्रसिद्ध गाण्यातला माउथ ऑर्गन त्याचाच. वडिलांच्या हाताखाली सहायक म्हणून तो वर्षानुवर्षे राबला. १९६१ साली मेहमूदच्या 'छोटे नवाब'ने तो स्वतंत्र संगीतकार झाला आणि त्या पहिल्याच चित्रपटात लताबाईंसाठी त्याने रागदारी वळणाचे एक सुरेख गाणे केले. पण लोकांच्या लक्षात तो आला १९६६ च्या 'तीसरी मंझिल'ने. शम्मी कपूरच्या पायांना मिळालेला तो ठेका हिंदी गाण्यात नवाच होता.

या ठेक्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. साठीच्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी, विशेषतः जेम्स ब्राऊनने, 'फंक' नावाचा एक प्रकार रुजवला. त्यात चालीपेक्षा ठेका मोठा. बेस गिटार आणि ड्रम पुढे, बाकी सारे त्यांच्या मागे, आणि आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर ठसठशीत जोर. आपल्याकडे समेवर येताना मान डोलते, तसाच काहीसा हा प्रकार. पंचमने ही चाहूल फार लवकर ओळखली. 'हरे राम हरे कृष्ण', 'कारवाँ', 'यादों की बारात', 'शोले' हे सारे १९७१ ते १९७५ मधले. गिटारवर भूपिंदर सिंग, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, तबल्यावर मारुतीराव कीर, रेसोवर अमृतराव काटकर, मादलवर रणजीत गजमेर, डुग्गीवर होमी मुल्लां. गोव्याचे, बंगालचे, पारशी, नेपाळी आणि आपले मराठी वादक एका खोलीत बसत आणि त्यातून एक नवाच आवाज निघे. 'चुरा लिया'च्या सुरुवातीची किणकिण पेल्यावरची आहे. जे वाजते ते वाद्य, एवढे साधे त्याचे शास्त्र होते.

वडिलांना हे सारे रुचत होते का? 'दम मारो दम' ऐकून सचिनदा मान खाली घालून ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून निघून गेले, असे सांगितले जाते. आपल्यापासून मुलगा दूर गेला, असे त्यांना वाटले असावे. दुसरी हकीकत 'अमर प्रेम'च्या वेळची. 'बडा नटखट है'साठी पंचमने आधी एक सरधोपट चाल केली होती. सचिनदांनी ती ऐकली आणि पडद्यावरची ती बाई, तिला नसलेले मूल, तिची माया हे सारे डोळ्यांपुढे आण, असे मुलाला बजावले. पंचम पुन्हा पेटीवर बसला आणि खमाजातली ती चाल आली. गडचिरोलीच्या थंडीत ऑर्गनवर ऐकली ती हीच. बाप-लेकात अंतर होते, पण लेकाच्या आत बापाची शिकवण शाबूत होती. ३१ ऑक्टोबर १९७५ ला सचिनदा गेले. १९८० साली पंचमने आशाबाई भोसल्यांशी लग्न केले. त्यांच्या आवाजात ठेका आणि भाव दोन्ही मिळत होते, आणि त्याला नेमके तेच हवे होते.

गंमत अशी की, सत्तरीच्या दशकात साऱ्या देशाला नाचवणाऱ्या या माणसाला फिल्मफेअरचा पहिला पुरस्कार मिळायला १९८३ साल उजाडले. तो 'सनम तेरी कसम'ला मिळाला आणि पुढच्या वर्षी 'मासूम'ला. घसरणही त्याच सुमाराला सुरू झाली होती. डिस्कोची लाट आली. मोठ्या पडद्यावर मारामारी वाढली, गाण्याला जागा उरली नाही. पंचमचे चित्रपट एकामागून एक पडले. गाण्यांचा दोष किती आणि चित्रपटांचा किती, हे कुणी तपासले नाही. ज्या नासिर हुसेन यांच्या 'तीसरी मंझिल'ने त्याला वर नेले, त्यांच्याच घरचा 'कयामत से कयामत तक' १९८८ साली आनंद-मिलिंद यांच्याकडे गेला. सुभाष घईंचा 'राम लखन' त्याला मिळणार होता. तो लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना मिळाला. ज्या पेटीभोवती निर्मात्यांची रांग लागायची, तिथे आता शांतता होती. त्याच १९८८ साली हृदयविकाराचा झटका आला आणि लंडनला जाऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

आत शिल्लक नव्हती असे नाही. १९८७ च्या 'इजाजत'मधल्या गाण्यासाठी आशाबाईंना आणि गुलजारांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चाल पंचमची होती. त्याच वर्षी या तिघांनी 'दिल पडोसी है' हा दोन तबकड्यांचा बिगरफिल्मी संच काढला. जाणकारांनी तो उचलून धरला. बाजाराने फारशी दखल घेतली नाही. लॅटिन अमेरिकन वळणाचा 'पँटेरा' हाही त्याच काळातला. म्हणजे हा माणूस घरी बसून नव्हता. त्याच्या चेकवर सही त्याचीच होती, फक्त वटवायला कुणी तयार नव्हते.

खाते उघडले विधु विनोद चोप्रा यांनी. १९८९ च्या 'परिंदा'त पंचमबरोबर काम केलेले हे दिग्दर्शक आता बेचाळीसच्या चळवळीच्या पार्श्वभूमीवर प्रेमकथा करणार होते. '१९४२ : अ लव्ह स्टोरी'साठी त्यांनी पंचमला घेतले तेव्हा अनेकांनी त्यांना वेड्यात काढले. पुढे काय घडले ते चोप्रांनी आणि गीतकार जावेद अख्तर यांनी अनेकदा सांगितले आहे.

'कुछ ना कहो' या गाण्यासाठी पंचमने पहिली चाल ऐकवली ती त्या काळात चलती असलेल्या पद्धतीची, ठेकेदार. बाजाराला हेच हवे असते, असे त्याने धरून चालले होते. चोप्रांना ती मुळीच आवडली नाही आणि त्यांनी ते स्पष्ट सांगून टाकले. खोलीत जुने साथीदार बसलेले. पंचम गप्प झाला. आपण या चित्रपटात आहोत की नाही, एवढेच त्याने विचारले. ज्याने तीनशेहून अधिक चित्रपटांना संगीत दिले, त्याच्या मनात हा प्रश्न यावा, यातच त्या पाच-सहा वर्षांनी काय केले होते ते कळते. चोप्रांनी भिंतीवरच्या सचिनदांच्या तसबिरीकडे बोट दाखवले. हवे आहे ते तिथले. पंचमने एका आठवड्याची मुदत मागून घेतली आणि आठवड्याने जी चाल आणली ती आज आपल्याला ठाऊक आहे. ती ऐकली की बंगालच्या नदीवरचा वारा जाणवतो. पण ती सचिनदांची नक्कल नाही. ज्याने वीस वर्षे ठेक्याशी खेळून पाहिले, त्यालाच ठेका इतका मागे ठेवणे जमते.

दुसरी हकीकत याहून आनंदाची. 'एक लडकी को देखा' हे गाणे लिहायचे जावेदसाहेब विसरले होते. बैठकीला जाताना गाडीत त्यांना एक मुखडा सुचला आणि पुढे नुसत्या उपमाच गुंफायच्या, अशी कल्पना त्यांनी पंचमपुढे टाकली. पंचमने त्यांना तिथेच पहिले कडवे लिहायला लावले आणि कागद हातात येताच काही मिनिटांत चाल बांधली. या गाण्यात एकवीस उपमा आहेत, एकेका कडव्यात सात. इतक्या उपमा एकापाठोपाठ आल्या तर ती यादी होण्याची भीती. पंचमने त्या जोडीजोडीने एकेक पायरी चढवत नेल्या. त्यामुळे यादी वाटत नाही, ओढ वाटते. शब्द आले की चाल येई, हा जुना पंचम त्या बैठकीत पुन्हा हजर होता.

ध्वनिमुद्रणाला व्हायोलिने, बासरी आणि जुना वाद्यवृंद पुन्हा जमला. 'घर'पासून त्याच्याबरोबर असलेले संतूरवादक उल्हास बापटही होते. गायला कुमार सानू आणि कविता कृष्णमूर्ती, म्हणजे त्या काळातले चलनी आवाज. पण त्यांच्याकडून काढून घेतलेले गाणे मात्र वेगळ्याच काळातले. कविताबाईंचे 'प्यार हुआ चुपके से' ऐकताना हे विशेष जाणवते. 'कुछ ना कहो' लताबाईंच्या आवाजातही आहे. मुलाच्या शेवटच्या चित्रपटात पहिल्या चित्रपटातला आवाज आला, हा योग कुणी ठरवून आणलेला नव्हता.

आणि मग ४ जानेवारीची ती पहाट. मुंबईत पंचमचे निधन झाले, वयाच्या ५४ व्या वर्षी. गाणी तयार होती. लोकांच्या कानांवर ती अजून पडायची होती.

चित्रपट जुलैत आला. तिकीटबारीवर त्याला फार यश मिळाले नाही, पण गाणी साऱ्या देशात पोचली. आमच्याकडे पावसाळ्यात नाले भरले की आलापल्लीच्या पुढची गावे तुटतात. तरी पावसाआधी आणि पावसानंतर, आठवडी बाजारात प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली ध्वनिफिती विकणाऱ्यांकडे दिवसभर तीच गाणी चालत. महुआ, मिरच्या, बांगड्या आणि वर पंचमची चाल. कर्जाच्या वसुलीला म्हणून मी त्या बाजारांतून हिंडत असे. एके दिवशी दुकानाशी थांबून ती ध्वनिफीत विकत घेतली. जानेवारीत मनात आलेल्या विचाराची लाज वाटली. ज्याचे खाते मी मनोमन बंद करून टाकले होते, त्याची शिल्लक माझ्याच हातात होती.

१९९५ साली फिल्मफेअरचा संगीताचा पुरस्कार पंचमला मिळाला. गीतकार म्हणून जावेद अख्तर, गायक म्हणून कुमार सानू आणि गायिका म्हणून कविता कृष्णमूर्ती हे सारे त्याच चित्रपटासाठी गौरवले गेले. बाकीचे तिघे होते, तो नव्हता. त्याच वर्षी नव्या संगीतकारांसाठी त्याच्या नावाने पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मानकरी ए. आर. रहमान ठरला. २००५ मध्ये अमेरिकेतल्या क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या मंडळीने आशाबाईंना घेऊन पंचमच्या गाण्यांची एक तबकडी काढली. २००९ मध्ये मुंबईत सांताक्रूझच्या एका चौकाला त्याचे नाव मिळाले. आज तर त्याच्या जुन्या गाण्यांवर नव्या पोरांचे पोट चालते. सत्कार, चौक, तबकड्या सारे आले. एक वर्ष आधी चार निर्माते आले असते तर त्याला जास्त आनंद झाला असता.

या कथेचे तात्पर्य शोधू नये असे मला वाटते. चोप्रा पंचमवर दया करायला गेले नव्हते. त्यांनी वाईट चाल वाईट म्हटली आणि चांगली तुझ्याकडे आहे, हे धरून चालले. म्हाताऱ्या कारागिराला हार घालणारे पुष्कळ असतात. त्याच्याकडून काम मागणारा एखादाच असतो.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर पुन्हा नाटकांचा हंगाम आला. मी मुद्दाम त्याच मंडळीचे नाटक गाठले. ऑर्गनवाले होते, कॅसिओवाला तरुणही होता. दुसऱ्या अंकात नायक-नायिकेच्या प्रसंगाला 'कुछ ना कहो'ची चाल हवी होती. तरुणाने दोन-तीनदा बोटे फिरवून पाहिली, मग कॅसिओवरून हात उचलला आणि शेजारी बघितले. म्हाताऱ्याने भाता ओढला आणि सूर धरला.