चिक चॉकलेट

आंतोनियो शावियेर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (जन्म : हळदोणे, गोवा, १९१६, मृत्यू : मुंबई, मे १९६७) हे भारतीय जॅझ ट्रंपेटवादक, वाद्यवृंदप्रमुख, चित्रपट संगीतकार व संगीत संयोजक होते. १९४० च्या दशकात मुंबईतील हॉटेलांमध्ये त्यांचा वाद्यवृंद लोकप्रिय होता. अमेरिकन ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या शैलीचा त्यांच्या वादनावर व घोगऱ्या गायनावर ठळक प्रभाव होता. त्यामुळे ते 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' म्हणून ओळखले जात. पुढे संगीतकार सी. रामचंद्र यांचे सहायक म्हणून त्यांनी हिंदी चित्रपटसंगीतात जॅझ वादनाचा ढंग आणला. 'नादान' (१९५१) या चित्रपटाला त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले.

जन्मस्थान आणि संगीताची पार्श्वभूमी

हळदोणे हे उत्तर गोव्यातील बार्देश तालुक्यातील म्हापसा नदीकाठचे गाव आहे. तेथील सेंट थॉमस चर्च सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधले गेले. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चना जोडून पॅरिश शाळा चालत. त्यांत अक्षरओळख व धर्मशिक्षण यांबरोबर संगीतही शिकवले जाई. शिकवणाऱ्याला 'मेस्त्र' म्हणत. मुलांना प्रथम स्वरलिपी वाचून स्वर अचूक गाता यावे लागत. त्यानंतर बहुधा व्हायोलिन आणि पुढे एखादे फुंकवाद्य हाती येई. प्रार्थनेत समूहाने गाताना एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरांचे थर कसे जुळतात, हेही या मुलांच्या कानी लहानपणापासून पडे. वाझ यांची जडणघडण याच परंपरेत झाली.

या शिक्षणामुळे गोव्याचे वादक पाश्चात्त्य स्वरलिपी पाहताक्षणी वाजवू शकत. ब्रिटिश भारतातील पोलीस व लष्करी बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, मूकपटांची चित्रपटगृहे आणि मोठी हॉटेले यांत त्यांना सतत मागणी होती. कामाच्या शोधात मुंबईत येणारे गोवेकर धोबीतलाव परिसरातील 'कूड' नावाच्या, गावागावांनी चालवलेल्या सामाईक निवासांत उतरत. मुंबईतील वादकवर्ग मोठ्या प्रमाणावर याच स्थलांतरातून उभा राहिला.

मुंबईतील जॅझ

जॅझ हे अमेरिकेतील आफ्रिकन वंशाच्या लोकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडवलेले संगीत. न्यू ऑर्लिन्स हे त्याचे प्रमुख केंद्र होते आणि लुई आर्मस्ट्राँग यांचा जन्मही तेथीलच (१९०१). मुंबईत हे संगीत आधी ध्वनिमुद्रिकांतून पोचले. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यापाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हे मुंबईत आले. वेदरफोर्ड पुढे भारतातच राहिले आणि १९४५ मध्ये कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

या कलावंतांच्या आगमनाने गोव्याच्या वादकांपुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. कागदावर लिहिलेले ते बिनचूक वाजवत होते. जॅझमध्ये मात्र रचनेच्या मध्यभागी एकल वादकासाठी काही मात्रांची जागा मोकळी असते आणि तेथे काय वाजवायचे ते वादकाने त्याच क्षणी ठरवायचे असते. हिंदुस्थानी संगीतात ज्याला 'उपज' म्हणतात, त्याच्याशी जवळीक असलेली ही कला आहे. चांगला वाचक हा आपोआप चांगला उपजकार होत नाही, त्यासाठी वेगळी साधना करावी लागते. ती आत्मसात करणाऱ्या भारतीय वादकांच्या पहिल्या पिढीत चिक चॉकलेट यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

उपजेचा अभ्यास

जॅझमधील उपज ही केवळ लहरीवर अवलंबून नसते. तिला सप्तकाचा आणि कॉर्डचा पक्का पाया असतो. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारा तीन किंवा अधिक स्वरांचा समूह. शुद्ध सप्तकातील सा-ग-प हा पहिला कॉर्ड, म-ध-सा हा दुसरा आणि प-नी-रे हा तिसरा धरला, तर एवढ्या तीन कॉर्डांवर 'ब्लूज' या जॅझच्या मूळ साच्याचा बारा खंडांचा आकृतिबंध उभा राहतो. त्याच्या सर्वांत साध्या रूपात चार खंड पहिल्या कॉर्डचे, दोन दुसऱ्याचे, पुन्हा दोन पहिल्याचे, मग एक तिसऱ्याचा, एक दुसऱ्याचा आणि शेवटचे दोन पुन्हा पहिल्याचे, अशी त्याची मांडणी असते. बारा खंड संपले की चक्र पुन्हा सुरू होते.

हिंदुस्थानी गायक-वादकाच्या उपजेखाली तंबोऱ्याचा षड्ज अखंड स्थिर असतो. जॅझ वादकाच्या पायाखालची भूमी मात्र दर काही मात्रांनी सरकते. सा-ग-प या कॉर्डवर शुद्ध गंधार विसावतो, पण साथीचा पियानो मध्यमाच्या कॉर्डवर गेला की तोच गंधार खटकू लागतो. तेथे कोमल गंधार अधिक शोभतो. हाच कोमल गंधार आणि कोमल निषाद ब्लूजला त्याचा विशिष्ट करुण रंग देतात. म्हणून कोणता कॉर्ड केव्हा येणार आहे, याचे भान वादकाला बोटांत आणि कानांत सतत ठेवावे लागते.

हे भान येण्यासाठीचा सराव दिसायला साधा असतो. प्रथम एकच स्वर दीर्घ श्वासात स्थिर धरायचा. मग प्रत्येक पट्टीतील सप्तक संथ लयीत चढवायचे व उतरवायचे. त्यानंतर प्रत्येक कॉर्डचे स्वर सुटे करून आरोही-अवरोही वाजवायचे. पुढच्या टप्प्यावर दोन-तीन स्वरांचीच छोटी वाक्ये रचायची. एका खंडात प्रश्न मांडायचा आणि पुढच्या खंडात उत्तर द्यायचे. याला जोड असते ती श्रवणाची. थोर वादकाची ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा ऐकून त्याचे एकल वादन जसेच्या तसे उचलायचे आणि मग त्याचा शेवट आपल्या परीने बदलून पाहायचा. जॅझची विद्यालये किंवा पाठ्यपुस्तके हाताशी नसलेल्या त्या काळात ग्रामोफोन हाच मुंबईच्या वादकांचा गुरू होता. आर्मस्ट्राँग यांनी १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या 'वेस्ट एंड ब्लूज'सारख्या मुद्रिका जगभरच्या ट्रंपेटवादकांसाठी आदर्श पाठ ठरल्या होत्या.

ट्रंपेटवर हा सराव अधिक कठीण असतो. त्याला अवघ्या तीन कळा असतात. कळांची जुळणी तीच ठेवून केवळ ओठांचा ताण आणि श्वासाचा जोर बदलून अनेक स्वर काढावे लागतात, त्यामुळे स्वर आधी मनात स्पष्ट ऐकू आल्याशिवाय तो वाद्यातून नेमका निघत नाही. शिवाय नेहमीच्या ट्रंपेटसाठी कागदावर पांढरी एकचा स्वर लिहिलेला असला, तरी प्रत्यक्षात काळी पाचचा स्वर वाजतो. इतर वाद्यांबरोबर वाजवताना वादकाला हा फरक सांभाळावा लागतो. पॅरिश शाळेत स्वर गाऊन ओळखण्याची झालेली तयारी गोव्याच्या वादकांना येथे उपयोगी पडली.

वाद्यवृंद

१९४० च्या दशकात वाझ यांनी 'चिक चॉकलेट' या नावाने स्वतःचा अकरा जणांचा वाद्यवृंद उभारला. 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' या नावाने तो प्रसिद्ध झाला. ताजमहाल हॉटेलाशेजारील ग्रीन्स हॉटेल आणि खुद्द ताजमहाल हॉटेल येथे त्याचे कार्यक्रम होत. कोलंबिया कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही काढल्या.

अशा वाद्यवृंदात ट्रंपेट, ट्रॉम्बोन व सॅक्सोफोन ही फुंकवाद्ये आणि पियानो, बास व ड्रम ही लयवाद्ये असत. परदेशातून आलेल्या छापील रचना हा वादनाचा कणा असे, पण श्रोते वाट पाहत ती एकल वादनाची. ७८ फेऱ्यांच्या मुद्रिकेत जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावे, त्यामुळे एकल वादकाला काही थोड्याच खंडांत आपले म्हणणे पूर्ण करावे लागे. नृत्यगृहात मात्र तेच चक्र हवे तितके वाढवता येई.

स्वातंत्र्यानंतर ही परिस्थिती पालटली. ब्रिटिश अधिकारी व सैनिक मायदेशी परतले आणि संस्थानिकांचा आश्रय ओसरला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे हॉटेलांतील रात्रीच्या कार्यक्रमांचे उत्पन्न घटले. अनेक वादकांसाठी उपजीविकेचा नवा मार्ग होता तो चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाचा.

चित्रपटसंगीतातील कार्य

सी. रामचंद्र, म्हणजेच रामचंद्र नरहर चितळकर (१९१८-१९८२), हे तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. त्यांचे संगीतशिक्षण हिंदुस्थानी पद्धतीने झाले होते, पण पाश्चात्त्य नृत्यसंगीताविषयी त्यांना विलक्षण कुतूहल होते. 'शहनाई' (१९४७) या चित्रपटात त्यांनी ते प्रकट केले. चिक चॉकलेट यांच्या रूपाने त्यांना जॅझ आतून जाणणारा सहकारी मिळाला.

त्या काळी संगीतकार चाल बांधून ती गाऊन दाखवत. तिला स्वरलिपीत उतरवणे, तिच्याखाली कॉर्ड बसवणे, वाद्यांची वाटणी करणे आणि दोन कडव्यांमधील संगीत उभे करणे ही कामे बव्हंशी सहायक किंवा संगीत संयोजक करी. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड आदी गोमंतकीय संयोजकांनी या क्षेत्रात मोलाचे काम केले. चिक चॉकलेट यांच्यापाशी संयोजनाच्या जोडीला उपजेचे अंगही होते.

मास्टर भगवान यांनी दिग्दर्शित केलेल्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात या सहकार्याला मोठे यश लाभले. भगवान आणि गीता बाली यांच्या नृत्यगीतांत मराठी वळणाची सोपी चाल, लॅटिन अमेरिकन ठेका आणि ट्रंपेटचे झळाळते तुकडे एकत्र आले. या चित्रपटात चिक चॉकलेट व त्यांचा वाद्यवृंद झालरीचे सदरे घालून पडद्यावरही दिसतो.

त्याच वर्षी देव आनंद आणि मधुबाला यांच्या भूमिका असलेल्या 'नादान'ला त्यांनी संगीत दिले. त्यातील तलत महमूद यांनी गायलेले 'आ तेरी तस्वीर बना लूँ' हे गीत त्यांची सर्वांत परिचित रचना होय. नृत्यगृहात गाजलेल्या या वादकाने येथे संयत भावगीताचा बाज स्वीकारला. 'रंगीली' (१९५२) या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. 'कर भला' (१९५६) मध्ये जळगाव जिल्ह्यात जन्मलेले संगीतकार निसार बझ्मी यांच्यासमवेत त्यांनी काम केले. स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांचे चित्रपट मोजकेच राहिले.

श्रेयाचा प्रश्न

चित्रपटगीतांच्या मुद्रिकांवर गायक, चित्रपट व संगीतकार यांची नावे छापली जात, वाद्यवृंदातील वादकांची नसत. त्यामुळे गाण्यांतील ट्रंपेटचे तुकडे घरोघरी पोचले, तरी वाजवणारे अज्ञात राहिले. उपजेच्या बाबतीत ही हानी अधिक मोठी आहे. लिखित संयोजनाचा कागद जपला तर निदान काही पुरावा उरतो. नृत्यगृहात एका रात्री वाजवलेले एकल वादन ध्वनिमुद्रित झाले नाही, तर त्याच रात्री संपते. चिक चॉकलेट यांच्या हॉटेलांतील वादनाचा बहुतांश भाग असाच विरून गेला. त्यांच्या कलेचे आजचे प्रमाण म्हणजे थोड्या मुद्रिका आणि चित्रपटगीतांतील विखुरलेले तुकडे एवढेच आहे.

एकविसाव्या शतकात या वादकांकडे अभ्यासकांचे लक्ष वळले. ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन' या ग्रंथात मुंबईच्या चित्रपटवादकांचा, तर नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट'मध्ये मुंबईच्या जॅझचा इतिहास मांडला.

अखेरची वर्षे आणि निधन

चेतन आनंद दिग्दर्शित 'आखरी खत' (१९६६) या चित्रपटाला खय्याम यांचे संगीत होते. त्यातील भूपिंदर सिंग यांनी गायलेल्या 'रुत जवाँ जवाँ' या गीताचे चित्रीकरण नृत्यगृहात झाले असून त्यात चिक चॉकलेट ट्रंपेट वाजवताना जवळून दिसतात. त्यांचे वादन दृश्य आणि ध्वनी अशा दोन्ही रूपांत उपलब्ध असलेल्या मोजक्या प्रसंगांपैकी हा एक आहे.

पुढच्याच वर्षी, मे १९६७ मध्ये, चिक चॉकलेट यांचे निधन झाले.

संगीतकार म्हणून चित्रपट

नादान (१९५१)
रंगीली (१९५२)
कर भला (१९५६, निसार बझ्मी यांच्यासमवेत)