दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण व जादूचे प्रयोग यांत ते निपुण होते.

1911 साली मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावरील माणसे खरोखर हालत नाहीत. स्थिर चित्रे झपाट्याने एकामागून एक समोर आली, म्हणजे आपले डोळे व मेंदू त्यांची सांगड घालतात आणि गतीचा भास होतो. माशीची दृष्टी याहून चपळ असते. तिला तीच चित्रे सुटी सुटी दिसतील! हा दृष्टिभ्रम स्वदेशात निर्माण करावयाचा, असा फाळके यांनी निश्चय केला.

या विद्येच्या अभ्यासात त्यांनी डोळ्यांस विसावा दिला नाही. अखेर त्यांची दृष्टीच गेली! सुदैवाने उपचारांनी ती परत आली. परंतु निश्चय ढळला नाही. 1912 साली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले व कॅमेरा घेऊन परतले. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने रोपाची एकेक छबी टिपली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणात उलगडली. ते पाहून भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले, फिल्म धुण्याचे कामही केले.

3 मे 1913 रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा मूकपट लोकांपुढे आला. पुढे नाशिक हीच त्यांची कर्मभूमी झाली. तेथेच 16 फेब्रुवारी 1944 रोजी त्यांचे निधन झाले. डोळे पणास लावून त्यांनी भारतीय चित्रपटाचा पाया घातला.