दोन पावांच्या मधला माणूस

रविवारची सकाळ म्हणजे अनेक घरांत पोळीभाजीला सुट्टी. पावाला मस्का, त्यावर हिरवी चटणी, उकडलेल्या बटाट्याचे काप, काकडी, टोमॅटो, बीट, चिमूटभर मसाला आणि वरून दुसरा पाव दाबून बसवला की झाले सँडविच! मुंबईच्या फुटपाथवरचा सँडविचवाला हेच काम आपल्याशी गप्पा मारत दोन मिनिटांत उरकतो. हा शब्द आता इतका आपला झाला आहे की ते एका माणसाचे नाव आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते. बरे, माणूस काही साधासुधा नव्हता. तीन वेळा ब्रिटिश आरमाराचा मंत्री झालेला हा उमराव. पण जगाने त्याला लक्षात ठेवले ते जुगाराच्या टेबलावरून न उठता पाव-मांस खाणारा म्हणून.

मला खाण्याची हौस पहिल्यापासून. नोकरीतून मोकळा झालो तशी फिरण्याचीही लागली. कोपनहेगनला उघडे सँडविच खाल्ले. तिथे वरचा पाव नसतोच आणि खायचे काट्या-सुरीने. व्हिएतनाममध्ये फ्रेंच धाटणीच्या लांबट पावात कोथिंबीर, मिरची आणि आंबवलेले गाजर-मुळा भरून देतात. तिथे मला अगदी माहेरी आल्यासारखे वाटले. असे देशोदेशीचे पाव खाताना दर वेळी मनात यायचे, हा सँडविच होता तरी कोण? शेवटी त्याच्याविषयी मिळेल ते वाचून काढले. आणि माझे मत झाले की या गृहस्थावर अन्याय झाला आहे. सगळा नव्हे, पण बराच.

त्याचे खरे नाव जॉन माँटेग्यू. सँडविच हे इंग्लंडमधल्या केंट परगण्यातले समुद्राकाठचे जुने गाव. जॉनच्या खापरपणजोबांच्या पिढीतला एडवर्ड माँटेग्यू हा आरमाराचा सेनानी. १६६० मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाला परदेशातून परत आणणारे आरमार त्याच्या हाताखाली होते आणि त्याचे बक्षीस म्हणून त्याला अर्ल ही पदवी मिळाली. पदवीला गावाचे नाव जोडायचे, तर आधी पोर्टस्मथचा विचार होता म्हणतात. तो टिकला असता तर आज आपण मुलांच्या डब्यात पोर्टस्मथ भरून दिले असते!

जॉनचा जन्म १७१८ चा. वडील तो लहान असतानाच गेले. १७२९ मध्ये आजोबाही गेले आणि वयाच्या अकराव्या वर्षात हा पोरगा चौथा अर्ल ऑफ सँडविच झाला. पदवी मोठी, पण उत्पन्न बेताचे. इतर उमरावांसारखी अफाट जमीन नसल्याने सरकारी पगाराची त्याला आयुष्यभर गरज राहिली. त्याचे पुढचे बरेचसे वागणे समजून घ्यायला ही गोष्ट उपयोगी पडते. ईटन आणि केंब्रिज झाले, पदवी न घेताच तो बाहेर पडला आणि त्या काळचे श्रीमंत तरुण इटलीपर्यंत जाऊन परतत, तिथे हा १७३८-३९ मध्ये जहाजाने भूमध्य समुद्र पालथा घालत ग्रीस, तुर्कस्तान आणि थेट इजिप्तपर्यंत गेला. परतताना ममी आणि एक कोरीव लेखाचा संगमरवर घेऊन आला. तो संगमरवर त्याने केंब्रिजच्या आपल्या कॉलेजला दिला.

इस्तंबूलला एमिनोनूच्या धक्क्यावर मी पावात घातलेला भाजलेला मासा खाल्ला. वर कांदा, लिंबू, आणि समोर तोच समुद्र. सँडविचने ही युक्ती पूर्वेकडच्या प्रवासात पाहिली असेल, असे काही जण म्हणतात. पुरावा नाही. पण पोळीत किंवा पावात काहीतरी गुंडाळून खाणे हा काही त्याचा शोध नव्हे, हे सांगायला पुरावा कशाला हवा? आपला शेतकरी भाकरीवर झुणका, ठेचा आणि कांदा घेऊन बांधावर बसतो, त्याला कुठल्या अर्लने शिकवले? ज्यू धर्मगुरू हिलेल इसवी सनापूर्वीच्या शतकात सणाच्या बेखमीर भाकरीत कडू पाला घालून खात असे, अशी परंपरा आहे. शोध जुनाच, बारसे तेवढे लंडनला झाले.

त्या बारशाची गोष्ट पाहू. ग्रोस्ले नावाचा एक फ्रेंच प्रवासी १७६५ मध्ये लंडनला आला. त्याने आपल्या पुस्तकात लिहून ठेवले की एक मंत्री चोवीस तास जुगाराच्या टेबलावर बसला होता, भुकेची सोय म्हणून त्याने भाजलेल्या पावाच्या दोन कापांत गोमांस घालून आणवले आणि त्या पदार्थाला त्याचेच नाव पडले. बस्स! एका परक्या पाहुण्याने ऐकलेली ही गप्पा पुढे अडीचशे वर्षे छापली गेली. वास्तविक त्याच्या आधी तीन वर्षे, नोव्हेंबर १७६२ मध्ये, इतिहासकार गिबन याने आपल्या रोजनिशीत लंडनच्या एका क्लबात बडी मंडळी सँडविच खात बसल्याचे नोंदवले आहे. म्हणजे तोवर शब्द रुळला होता. आरमाराचे इतिहासकार एन. ए. एम. रॉजर यांनी १९९३ मध्ये सँडविचचे चरित्र लिहिले. त्यांचे म्हणणे असे की हा माणूस पैजा लावायचा, पण त्या काळाच्या मानाने बेतानेच. मात्र कचेरीत तो तासन् तास कागदपत्रांत बुडालेला असे. तेव्हा थंड मांस आणि पाव हे पत्त्यांपेक्षा कामाच्या मेजावरचे जेवण असण्याचा संभव अधिक.

मला हे पटते, पण एक गोम आहे. १७५१ ते १७६३ या काळात तो आरमार खात्यात नव्हताच. मग १७६२ च्या सँडविचचा संबंध तिथल्या कामाशी कसा जोडायचा? त्याच्या आधीच्या कारकिर्दीत हे नाव पडून पुढे पसरले असेल, एवढेच म्हणता येते. वकिली करायची तर पुराव्यातली फट झाकून ठेवू नये.

ती पहिली कारकीर्द १७४८ ते १७५१ ची. आरमाराचे मंत्रिपद मिळाले तेव्हा त्याला तिसावे वर्ष चालू होते. दुसऱ्यांदा ते मिळाले १७६३ मध्ये, काही महिन्यांपुरते. आणि तिसऱ्यांदा १७७१ पासून सलग अकरा वर्षे. चालायला हा अगदी बेढब. रस्त्याच्या दोन्ही कडांनी एकाच वेळी चालतो, अशी त्याची थट्टा होई. पॅरिसमधल्या त्याच्या नृत्यशिक्षकाने तर, नाच कुणी शिकवला हे कृपा करून कुणाला सांगू नका, अशी विनंती केल्याची गोष्ट तो स्वतःच हसत सांगे. संगीताचे मात्र वेड. हँडेलच्या मोठमोठ्या रचना तो हिंचिंगब्रुकच्या आपल्या वाड्यात करवून घेई आणि स्वतः नगारे वाजवायला बसे.

त्याची बाजू मांडतो आहे म्हणून त्याला साधू ठरवायचा माझा विचार नाही. १७६३ मध्ये जॉन विल्क्स या सरकारविरोधी पुढाऱ्याला अडकवण्यासाठी त्याने विल्क्सच्या नावावरची एक अश्लील कविता भर उमरावसभेत वाचून दाखवली. हा विल्क्स त्याचा एके काळचा मौजमजेतला सोबती! लंडनच्या लोकांनी त्याला त्या वेळी गाजलेल्या एका नाटकातल्या दगाबाज पात्राचे नाव चिकटवले, ते मरेपर्यंत सुटले नाही. ते त्याने कमावलेलेच होते, असे मी म्हणेन.

पण त्याच माणसाने कॅप्टन कुकच्या पाठीशी उभे राहून जगाचा नकाशा पुरा करवून घेतला. कुकने त्याची उतराई केली ती नकाशावरच. दक्षिणेकडची हिमाच्छादित बेटे १७७५ मध्ये दिसली, त्यांना सँडविचचे नाव. १७७८ च्या जानेवारीत हवाई बेटे दिसली, त्यांनाही सँडविचचे नाव. हवाईने पुढे आपले मूळ नाव परत घेतले. दक्षिणेची साउथ सँडविच बेटे अजून त्याच्याच नावावर आहेत. तिथे ज्वालामुखी आहेत, पेंग्विन आहेत, पण सँडविच करून देणारे कुणी नाही.

हवाईची बेटे मी जहाजातून पाहिली. पर्यटकांच्या त्या तरंगत्या हॉटेलात दुपारी चारला चहा आणि त्याबरोबर कडा कापलेली, दोन बोटांएवढी काकडीची सँडविचेस. वाढणारा मुलगा म्हापशाचा. या बोटींवर गोव्याची मुले नेहमी भेटतात. माझे मराठी ऐकून त्याने हळूच विचारले, काका, मिरची आणू? आणली, आणि त्या फिक्या काकडीत जीव आला. कोनाला उतरून दुसऱ्या लहान होडीने केआलाकेकुआच्या उपसागरात गेलो. काठावर एक पांढरा स्तंभ उभा आहे, १८७४ मध्ये उभारलेला. १४ फेब्रुवारी १७७९ रोजी इथे कुक मारला गेला. खलाशांच्या तेव्हाच्या शिध्याची आठवण झाली: माणशी दिवसाला रतलभर कडक बिस्किट आणि गॅलनभर बिअर, जोडीला खारवलेले मांस. सँडविचच्या आरमारात सँडविच नव्हते.

कुक गेल्याची बातमी लंडनला पोहोचायला जवळजवळ अकरा महिने लागले. ती कामचाटकावरून, सैबेरिया ओलांडून आली, १७८० च्या जानेवारीत. तोपर्यंत सँडविचच्या घरात दुसराच घात झालेला होता.

त्याची पत्नी डोरोथी मानसिक आजाराने ग्रासली होती आणि १७५५ पासून दोघे वेगळे राहत. १७६२ च्या सुमारास मार्था रे ही सतरा-अठरा वर्षांची मुलगी त्याच्या आयुष्यात आली. शिवणकाम करणाऱ्या गरीब घरातली, गळा विलक्षण गोड. त्याने तिला गाणे शिकवले, ती त्याच्या वाड्यात राहिली, तिला मुले झाली. लग्न मात्र कधी झाले नाही. पाहुणे तिचे गाणे ऐकत आणि बड्या घरच्या बायका तिच्याशी बोलायचे टाळत. हे वाचताना मला तिच्याविषयी जितके वाईट वाटले तितके सँडविचविषयी वाटले नाही. जेम्स हॅकमन नावाचा तरुण लष्करी अधिकारी तिच्यावर भाळला, तिच्यासाठी नोकरी सोडून पाद्री झाला. तिने नकार दिला. ७ एप्रिल १७७९ च्या रात्री कॉव्हेंट गार्डनच्या नाटकगृहातून ती बाहेर पडत असताना त्याने तिला गोळी घातली. दुसऱ्या पिस्तुलाने स्वतःवरही झाडली, पण तो वाचला. बाराव्या दिवशी त्याला फाशी झाली.

ही बातमी सँडविचला मिळाली ती कचेरीला लागूनच असलेल्या त्याच्या सरकारी निवासात. तो कोसळला. आणि ते वर्षही कसे! अमेरिकेतले युद्ध हातचे चालले होते, त्यात फ्रान्स उतरला होता. फेब्रुवारीत लंडनच्या जमावाने त्याच्या कचेरीवर हल्ला केला होता. इकडे आपल्या मुलखात जानेवारीतच मराठ्यांनी वडगावला इंग्रज फौजेला शरण आणले होते. सगळीकडून माघार. तरीही त्याने काम सोडले नाही. जहाजांच्या तळाला वाळवीसारखा किडा लागू नये, शेवाळ साचून वेग कमी होऊ नये, म्हणून तांब्याचे पत्रे ठोकायचे खर्चाचे आणि धोक्याचे काम त्याने याच काळात साऱ्या आरमारासाठी रेटले. मार्च १७८२ मध्ये सरकार पडले, सँडविच घरी गेला. पुढच्याच महिन्यात वेस्ट इंडीजमध्ये त्या तांबे ठोकलेल्या जहाजांनी फ्रेंच आरमाराचा दणदणीत पराभव केला. श्रेय अर्थातच दुसऱ्यांना गेले.

१७९२ मध्ये तो वारला. हिंचिंगब्रुकच्या वाड्यात पुढे शाळा भरू लागली. २००४ मध्ये त्याच्या वंशजांनी अमेरिकेत त्याच्या नावाचे सँडविचचे दुकान काढले, तेही चालले.

मार्थाचा मुलगा बॅसिल माँटेग्यू आईचा खून झाला तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता. सँडविचने त्याला आपले नाव दिले, केंब्रिजला शिकवले. तो वकील झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये किरकोळ चोरीलाही फाशी होती. ती शिक्षा कमी व्हावी म्हणून तो खटपट करू लागला. १८०९ मध्ये त्याने देहदंडावर निरनिराळ्या विचारवंतांची मते गोळा करून ग्रंथ छापला आणि पुढेही त्या कामाला चिकटून राहिला. ज्याच्या आईच्या मारेकऱ्याला टायबर्नला हजारोंच्या गर्दीसमोर लटकवले होते, तोच हा मुलगा.