पहिला कप्तान, पहिली जाहिरात

मैत्रिणींनो, आपल्या घरात वस्तूवर फुकट मिळालेल्या गोष्टी किती असतात, कधी मोजून पाहिल्यात का? चहापत्तीच्या पुड्याबरोबर आलेला चमचा, कपडे धुण्याच्या पावडरीवर मिळालेली बादली, किराणा दुकानदारानं दिलेलं कॅलेंडर. आपण ती वस्तू वापरतो आणि झिजली की भंगारात देतो. मुलांचं मात्र तसं नसतं. १९८७ साली आपल्याकडे रिलायन्स विश्वचषक झाला, त्या सुमारास बिग फन नावाच्या बबलगमच्या पाकिटात क्रिकेटपटूंची छोटी चित्रं निघायची. त्यावर धावा आणि विकेट्स लिहिलेल्या असत. ठरलेल्या धावा जमल्या की बक्षीस! माझ्या वयाच्या बायकांच्या भावांनी ती चित्रं पत्र्याच्या डब्यात, दप्तराच्या खणात जीव लावून जपली होती. गावर मन बसेना, पण चित्रासाठी गोळी चघळायची, असा सगळा मामला.

अमेरिकेत हा नाद फार जुना. त्यांचा लाडका खेळ बेसबॉल. सिगारेट, बबलगम, दाढीचं सामान विकणाऱ्या कंपन्यांनी या खेळाडूंच्या लोकप्रियतेचा भरपूर उपयोग करून घेतला. जिलेट या दाढीच्या ब्लेडवाल्या कंपनीनं १९३९ साली बेसबॉलच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचं रेडिओवरचं प्रायोजकत्व एक लाख डॉलर मोजून घेतलं आणि तेवढ्या दिवसांत दाढीचे संच धडाधड विकले. पुढे याच कंपनीच्या नावानं १९६३ साली इंग्लंडमध्ये एका दिवसात संपणाऱ्या क्रिकेट सामन्यांची जिलेट कप स्पर्धा सुरू झाली. आणि बबलगमबरोबर मिळालेली चित्रं? मिकी मँटल या खेळाडूचं १९५२ सालचं एक चित्र २०२२ च्या लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं! कुणाच्या तरी आईनं केर समजून टाकून दिलं नव्हतं, म्हणूनच ना ते टिकलं?

आपल्याकडे खेळाडूच्या नावावर वस्तू विकायची सुरुवात कुणापासून झाली, हे शोधत गेलं की एका मोठ्या माणसापाशी येऊन थांबावं लागतं. कर्नल सी. के. नायडू. भारताच्या कसोटी संघाचे पहिले कप्तान. १९४१ साली त्यांनी बाथगेट लिव्हर टॉनिक या औषधाची जाहिरात केली. एखाद्या मालाची जाहिरात करणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू मानले जातात.

आमच्या मुळशी तालुक्यात भातकापणी झाली की खाचरं मोकळी होतात आणि तिथं पोरांचं क्रिकेट रंगतं. हल्ली त्यात मुलीही असतात, हे पाहून बरं वाटतं. मध्यंतरी बचत गटाच्या बैठकीनंतर मी बायकांना विचारलं. सचिन माहीत, धोनी माहीत, सांगलीची स्मृती मानधना तर घरच्या लेकीसारखी माहीत. सी. के. नायडू म्हटल्यावर मात्र सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हणून आज त्यांची गोष्ट सांगायची आहे.

कोट्टारी कनकैया नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. घराणं मूळचं तेलुगू. आजोबा वकिलीच्या निमित्तानं नागपुरात स्थिरावलेले. सी. के. नागपुरातच शिकले आणि तिथल्याच मैदानांवर खेळले. उंच, ताठ बांधा आणि चालण्यात एक रुबाब. त्या काळी मुंबईत धर्मावर संघ पाडून सामने होत; हिंदूंचा संघ, पारशांचा, मुसलमानांचा, युरोपियनांचा. आज वाचायलाही विचित्र वाटतं, पण तेव्हाचं सर्वांत मोठं क्रिकेट तेच होतं. १९१६ साली युरोपियनांविरुद्ध सी. के. हिंदू संघातून पहिल्यांदा खेळायला उतरले. सात गडी बाद झाले होते. नवख्या पोरानं अशा वेळी जीव मुठीत धरून खेळावं. यांनी पहिले तीन चेंडू नीट अडवले आणि चौथा सरळ सीमेपार टोलवला, असं सांगतात.

१९२३ साली इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांनी त्यांना आपल्याकडे बोलावून घेतलं आणि फौजेत कप्तान केलं. पुढे ते कर्नल झाले. नागपूरचा हा खेळाडू इंदूरचा झाला तो कायमचा.

त्यांचं नाव देशभर झालं ते १९२६ च्या १ डिसेंबरला. इंग्लंडहून आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ आला होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर सी. के. हिंदू संघाकडून खेळायला आले आणि दोन तासांच्या आत १५३ धावा करून गेले. त्यात ११ षटकार! जमिनीलगत, जपून खेळायचा तो काळ होता. इंग्रजांचं राज्य, इंग्रजांचा खेळ आणि इंग्रज गोलंदाज. त्यांना आपला माणूस असा धुऊन काढतोय म्हटल्यावर बघणाऱ्यांना काय वाटलं असेल! याच दौऱ्यात आपल्या पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनीही १४८ धावा केल्या. भारतीय संघ आपल्या तोडीचा होऊ शकतो, हे पाहुण्यांना पटलं. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट मंडळ स्थापन झालं. एमसीसीनं त्या खेळीबद्दल सी. के. यांना चांदीची बॅट भेट दिली. आठवण म्हणून जपायच्या वस्तू अशाही असतात. त्या कुठल्या पाकिटातून निघत नाहीत, कमवाव्या लागतात.

१९३२ साली भारताचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर ठरला. आता कप्तान कोण? त्या काळी हा मान राजेमहाराजांचा. पोरबंदरचे महाराज कप्तान म्हणून आणि लिंबडीचे राजपुत्र त्यांचे सहायक म्हणून गेले होते. महाराजांनी आपल्या खेळाची पात्रता ओळखून मोठ्या मनानं माघार घेतली, राजपुत्र दुखापतीमुळे बाहेर राहिले, आणि कप्तानपद सी. के. यांच्याकडे आलं. राजघराण्याबाहेरच्या माणसाच्या हाताखाली खेळायला संघातल्या काहींनी नाकं मुरडली, असं म्हणतात. आपल्या गावात एखादी सर्वसामान्य घरातली बाई सरपंच झाली की काय काय बोललं जातं, ते आठवा, म्हणजे सी. के. यांचं अवघडलेपण कळेल. २५ जून १९३२ ला सामना सुरू झाला. क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या हाताला मार बसला होता. तशा हातानं त्यांनी पहिल्या डावात ४० धावा केल्या, आपल्या डावातल्या सर्वांत जास्त. सामना आपण १५८ धावांनी हरलो, पण त्या दौऱ्यात सी. के. यांनी सोळाशेवर धावा काढल्या आणि ६५ गडी बाद केले. क्रिकेटचं पंचांग म्हणावं अशा विस्डेन या इंग्रजी वार्षिकानं १९३३ साली त्यांना वर्षातल्या पाच उत्तम खेळाडूंत बसवलं.

एवढं झाल्यावर पुढची वाट सोपी असायला हवी होती. तसं झालं नाही. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर कप्तानपद विजयनगरमच्या महाराजकुमारांना मिळालं. त्यांचा खेळ बेताचा आणि वजन मोठं. संघात तट पडले. लाला अमरनाथ यांच्यासारख्या खेळाडूला दौऱ्यातून परत पाठवलं गेलं. सी. के. यांच्या वाट्यालाही मानहानी आली. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत इंग्लंडचे कप्तान गबी अॅलन यांचा वेगवान चेंडू त्यांच्या छातीवर, अगदी काळजाखाली बसला. ते कळवळले, सावरले, पुन्हा उभे राहिले आणि ८१ धावा काढून गेले. वय ४०. तीच त्यांची शेवटची कसोटी. उभ्या आयुष्यात सात कसोटी आणि ३५० धावा, एवढाच हिशेब आकड्यांच्या वहीत उरला.

मग आली १९४१ ची ती जाहिरात. सी. के. पंचेचाळिशीचे होते. कसोटी सामने महायुद्धामुळे बंद पडले होते. आजच्यासारखे करोडोंचे करार तेव्हा नव्हते. खेळाडूचं पोट नोकरीवर आणि संस्थानिकाच्या मर्जीवर चाले. औषध विकणाऱ्या कंपनीला त्यांच्यात काय दिसलं असेल? मला वाटतं, तब्येत. टॉनिक विकायचं तर धडधाकट माणूस हवा, आणि चाळिशी उलटल्यावरही तरुणांना दमवणारा त्यांच्याएवढा धडधाकट माणूस लोकांना दुसरा माहीत नव्हता. पण गंमत बघा, ती तब्येत बाटलीतून आलेली नव्हती. रोजचा व्यायाम, कडक शिस्त आणि लहानपणापासूनची मेहनत यातून ती आली होती. आपण आज मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी खेळाडूचा फोटो बघून आणतो, तेव्हा हे जरा लक्षात ठेवायला हवं.

जाहिरातीचा आणखी एक धागा त्यांच्या गोष्टीत आहे. डेनिस कॉम्प्टन हा इंग्लंडचा देखणा फलंदाज युद्धाच्या काळात फौजेबरोबर इंदूरजवळच्या महूला होता. १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात तो मुंबईविरुद्ध सी. के. यांच्या होळकर संघातून खेळला आणि नाबाद २४९ धावा केल्या. सामना मुंबईनंच जिंकला. हाच कॉम्प्टन पुढे इंग्लंडमध्ये ब्रिलक्रीम या केसांच्या क्रीमचा चेहरा म्हणून घरोघर पोहोचला. आपल्याकडे फारूख इंजिनिअर ब्रिलक्रीमच्या जाहिरातीत आले, कपिल देव पामोलिव्हच्या दाढीच्या क्रीमच्या. ती जाहिरात तर आपण सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिलेली आहे.

सी. के. मात्र खेळतच राहिले. त्यांच्या होळकर संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला. पन्नाशी उलटून गेल्यावर एका रणजी सामन्यात दत्तू फडकर यांचा चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात तुटले. ते मैदान सोडून गेले नाहीत. रक्त पुसलं आणि खेळ पुढे चालू ठेवला. १९५६ साली पद्मभूषण मिळालं, आणि त्याच मोसमात वयाच्या ६१ व्या वर्षी ते उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले. १९६३-६४ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांचा संघ विरुद्ध मुख्यमंत्र्यांचा संघ असा मदतीसाठी सामना झाला, त्यातही हे ६८ वर्षांचे गृहस्थ होतेच! १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदूरला त्यांचं निधन झालं.

आता मला आवडलेला भाग. सी. के. यांची आठवण जागी ठेवली ती त्यांच्या लेकीनं. चंद्रा नायडू इंदूरला इंग्रजीच्या प्राध्यापक आणि मुलींच्या सरकारी महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. १९७६-७७ च्या मोसमात मुंबई विरुद्ध एमसीसी सामन्याचं समालोचन त्यांनी केलं आणि भारतातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचक म्हणून त्यांचं नाव नोंदलं गेलं. क्रिकेट म्हणजे पुरुषांची मक्तेदारी होती, त्या काळात! १९९५ साली त्यांनी वडिलांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ४ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या. जाहिरातीनं सी. के. यांचा लौकिक वापरला. त्यांचा स्वभाव, त्यांची शिस्त, त्यांचं घरातलं रूप पुढच्यांना कळलं ते लेकीमुळे.

भारतीय क्रिकेट मंडळ १९९४ पासून सी. के. यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सचिन तेंडुलकरला मिळाला. ज्याच्या चेहऱ्यावर किती माल विकला गेला याची गणती नाही, त्याला हा पुरस्कार एका टॉनिकची जाहिरात करणाऱ्याच्या नावानं मिळावा, हे मला फार बोलकं वाटतं.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतीलच. त्यात एखादं जुनं कॅलेंडर, खेळाडूचं चित्र, वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण निघालं तर लगेच रद्दीवाल्याला देऊ नका. त्यावर लाख रुपये मिळतील म्हणून नाही सांगत मी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ ते घेऊन बसा आणि हा कोण, असं विचारा. जे सांगतील ते मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा, साल घाला. आणि हे काम लेकीला द्या. आठवण सांभाळायचं काम लेकी फार चांगलं करतात.