बाळाचे पहिले मिनिट : डॉ. व्हर्जिनिया ॲपगार

बाळंतीण इस्पितळातून घरी आली की आपण बाळाचे वजन विचारतो, जन्मवेळ विचारतो, नाक कुणाच्या वळणावर गेले तेही पाहतो. इस्पितळाच्या कागदावर मात्र आणखी एक ओळ असते, तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तेथे ‘ॲपगार’ असे लिहून पुढे ८ व ९ असे दोन आकडे असतात. पुष्कळजणींना ते औषधाचे नाव वाटते. ते आहे एका बाईचे आडनाव. ही बाई स्वतः कधी आई झाली नाही, पण जगातल्या कितीतरी आयांची कूस तिच्यामुळे उजळली. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मी तिचे चरित्र निवडले.

व्हर्जिनियाबाईंचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील वेस्टफील्ड या गावी झाला. वडिलांना रेडिओचा व आकाशातले तारे पाहण्याचा नाद होता. एक भाऊ लहानपणीच क्षयाने गेला, दुसरा कायम आजारी. घरात दुखणे पाहिलेली मुलगी डॉक्टर व्हायचे म्हणाली, यात नवल नाही. पण घरी पैशाची सुबत्ता नव्हती. कॉलेजात असताना त्यांनी मिळेल ती कामे केली. प्रयोगशाळेसाठी मांजरे पकडून आणणे हेही त्यांतले एक!

१९३३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. वर्गात चौथा नंबर होता. त्यांना शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर व्हायचे होते, व तसे शिक्षणही सुरू झाले. परंतु त्यांचे वरिष्ठ डॉ. व्हिपल यांनी त्यांना त्या वाटेवरून परतविले. दिवस मंदीचे होते, डोक्यावर कर्ज होते, आणि बाईच्या हाती पोट फाडून घ्यायला रोगी येणार कोठून, असा हिशेब. त्यापेक्षा भूल देण्याचे शास्त्र शिकावे, असे त्यांनी सुचविले. त्या काळी तेथे भूल देणे हे बहुतेक नर्सबाईंचे काम समजले जाई व त्याला मान कमी. विस्कॉन्सिनला हे शास्त्र शिकायला गेल्या तेव्हा बायकांच्या राहण्याची सोयदेखील धड नव्हती. तरी बाई शिकून आल्या आणि १९३८ साली आपल्याच इस्पितळात भूल-विभागाच्या प्रमुख झाल्या. पुढे तो विभाग वाढला, स्वतंत्र झाला, तेव्हा वरची खुर्ची एका पुरुष डॉक्टरांना मिळाली. वाढून ठेवावे एकीने आणि पाटावर बसावे दुसऱ्याने, हे तिकडेही आहेच. १९४९ साली बाईंना प्राध्यापकपद मिळाले. त्या महाविद्यालयात ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मग त्यांनी बाळंतपणाच्या खोलीत भूल देण्याचे काम अंगावर घेतले.

आणि येथेच खरी गोष्ट सुरू होते. त्या खोलीत बाळ बाहेर आले की सर्वांचे डोळे आईकडे लागत. तेही बरोबरच, तिचा जीव धोक्यात असे. पण बाळाकडे नीट पाहण्याचे काम नेमून दिलेले कुणीच नसे. न रडणारे, निळसर, हातपाय गाळलेले बाळ आले, तर ते जगायचे नाही असे समजून बाजूला ठेवले जाई. त्यांतली काही बाळे थोडी हवा दिली असती तर जगली असती.

एके दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, की नुकत्याच जन्मलेल्या बाळाची पारख करावी तरी कशी? बाईंनी हाताशी असलेल्या कागदावर तेथल्या तेथे पाच गोष्टी लिहिल्या, आणि त्या करून पाहायला तडक निघाल्या. हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतला जोर, नाकात नळी लावली असता बाळ तोंड वाकडे करते वा शिंकते की नाही, आणि अंगाचा रंग. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. ठोके मिनिटाला १०० च्या वर असले तर २, खाली असले तर १, नसलेच तर ०. असे एकूण १० गुण. जन्मानंतर एका मिनिटाने गुण द्यायचे. पुढे पाच मिनिटांनीही देऊ लागले, म्हणून कागदावर दोन आकडे असतात. ७ च्या वर असले की काळजी नसते. १० पैकी १० क्वचितच मिळतात, कारण नव्या बाळाचे तळहात-तळपाय थोडा वेळ निळसरच असतात.

यंत्र नको, खर्च नको. घड्याळ, कान आणि डोळे पुरेत. आपण भात शिजला की नाही ते शीत चेपून पाहतो, त्याच जातीची ही युक्ती आहे. मला त्यांची एक गोष्ट फार पटली. बाळंतपण करणाऱ्यानेच गुण देऊ नयेत, दुसऱ्याने द्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या हातचे काम आपल्याला चांगलेच दिसते ना!

हे शास्त्र त्यांनी १९५२ साली डॉक्टरांच्या सभेत मांडले व १९५३ साली छापले. पुढे अनेक इस्पितळांतून १७ हजारांवर बाळांचे गुण तपासले, तेव्हा कमी गुणांच्या बाळांना धोका जास्त हे सिद्ध झाले. आईला दिलेल्या एका भुलीच्या वायूने बाळ मलूल होते, हेही याच कामातून कळले. आता तर मिनिटभर वाटही पाहत नाहीत. बाळ श्वास घेत नसले तर लगेच उपचार सुरू करतात.

एक मात्र सांगते. शेजारणी-शेजारणींत या गुणांची तुलना करू नये. पहिल्या मिनिटाला ५ गुण मिळालेले मूल पुढे ढ निघते, असे मुळीच नाही. ते गुण त्या घटकेचे असतात, शाळेचे नव्हेत.

पन्नाशीला टेकल्यावर बाईंनी पुन्हा पाटी हाती घेतली व १९५९ साली सार्वजनिक आरोग्याची पदवी मिळविली. नंतर ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेत जन्मजात व्यंगांच्या कामाला वाहून घेतले. गरोदरपणी होणाऱ्या रुबेला गोवराने बाळाचे डोळे, कान, हृदय बिघडते, हे त्यांनी गावोगाव व्याख्याने देऊन लोकांना समजावले. १९७२ साली आईबापांसाठी पुस्तकही लिहिले.

त्यांनी लग्न केले नाही. गाडी फार वेगात हाकीत, पन्नाशीच्या सुमारास विमान चालवायला शिकल्या. वाटेत कुणाचा श्वास अडला तर हाताशी असावी म्हणून नळी व चाकू सदैव जवळ बाळगीत. व्हायोलिन उत्तम वाजवीत, आणि एका रुग्ण-मैत्रिणीकडून ती वाद्ये घडवायलाही शिकल्या. १९५७ साली इस्पितळातल्या टेलिफोनच्या खोलीतली लाकडी फळी वाद्याला फार सुरेख दिसली. मागून मिळेना. तेव्हा दोघींनी रात्री ती काढून दुसरी बसविली! मैत्रीण बायकांच्या खोलीत लाकूड कापते आहे आणि प्राध्यापकबाई बाहेर पहारा करीत आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. ही चोरीच, पण मला हसू आवरत नाही.

७ ऑगस्ट १९७४ रोजी, जेथे अनेक वर्षे काम केले त्याच इस्पितळात त्या वारल्या. १९९४ साली अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांचे तिकीट काढले. त्या समारंभात त्यांनी घडविलेली चार वाद्ये वाजविण्यात आली. त्यांतल्या एकाची पाठ त्या टेलिफोनच्या फळीची होती.