मोजपट्टी बनवणारा माणूस : आल्फ्रेड बिने

मंडळाच्या कार्यवाहांचा दोन वर्षे तगादा होता, की रेल्वेवर काहीतरी लिहा. पण रेल्वेचे आपण कॉलनीत रोज ऐकतोच, म्हणून यंदा एका फ्रेंच माणसाविषयी लिहितो आहे. कारण घरातलेच आहे. माझी मुलगी दुसरीत असताना शाळेने तिची बुद्धिमापन चाचणी घेतली आणि आम्हा दोघांना बोलावून एक आकडा लिहिलेला कागद हातात दिला. आकडा कमी होता. मुलीकडून फार अपेक्षा ठेवू नका, असे आम्हाला समजावण्यात आले. घरी मराठी बोलणाऱ्या पोरीला सगळे प्रश्न इंग्रजीत विचारले होते, हे नंतर कळले. त्या रात्री आमच्या घरी कोणी धड जेवले नाही. मी डिप्लोमावाला माणूस, मोजमाप हाच माझा व्यवसाय. ही मोजपट्टी मुळात बनवली कोणी, हे शोधू लागलो आणि आल्फ्रेड बिने हे नाव सापडले.

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस येथे झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. दोघे विभक्त झाले आणि मुलाला आईने वाढवले. १८७८ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत मन रमले नाही. वैद्यकीय शिक्षणही अर्धवट सोडले. मग पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्यांनी स्वतःच मानसशास्त्र वाचून काढले. या विषयात त्यांना रीतसर गुरू नव्हता. (ही गोष्ट मला विशेष का आवडली, ते माझ्या डिप्लोमावाल्या मित्रांना सांगायला नको.)

पहिलीच मोठी कामगिरी अंगाशी आली. सालपेत्रियेर रुग्णालयात शार्को नावाच्या प्रसिद्ध डॉक्टरांच्या हाताखाली ते संमोहनाचे प्रयोग करू लागले. लोहचुंबक फिरवला की रुग्णाच्या एका अंगाचा लुळेपणा दुसऱ्या अंगात जातो, असे बिने आणि त्यांच्या सहकाऱ्याने छापून टाकले. बेल्जियमच्या देलबफ यांनी येऊन पाहिले, तर काय घडायला हवे याची चर्चा रुग्णासमोरच चालली होती! रुग्ण तेच करून दाखवत असे. बिने यांना अखेर चूक कबूल करावी लागली. मोजणाऱ्याच्या मनात जे असते तेच मोजमापात उतरू शकते, ही भीती पुढे त्यांच्या मनातून कधी गेली नाही असे दिसते.

१८८४ मध्ये लग्न झाले, दोन मुली झाल्या. नोकरी नव्हती, तेव्हा घरातच मुलींचे निरीक्षण सुरू झाले. एक सावध आणि एकाग्र, दुसरी चंचल आणि कल्पनेत रमणारी. दोघी एकाच घरातल्या, पण विचार करण्याची रीत अगदी निराळी. यावर त्यांनी पुढे १९०३ मध्ये ग्रंथच लिहिला.

रेल्वेवर लिहायचे नाही म्हटले, तरी रेल्वे आलीच. १८९१ मध्ये रूआँ येथील स्टेशनवर त्यांची प्राध्यापक बोनी यांच्याशी अचानक गाठ पडली. बोनी सॉर्बोनच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख. बिने यांनी तिथे विनावेतन काम करायची तयारी दाखवली आणि पुढे तेच तिचे प्रमुख झाले, ते शेवटपर्यंत. प्राध्यापकपदासाठी त्यांनी प्रयत्न केले, पण फ्रान्समध्ये ते पद त्यांना कधीच मिळाले नाही.

डोक्याच्या आकारावरून बुद्धी कळते, असे त्या काळी भले भले मानत. बिने यांनीही शाळकरी मुलांची डोकी मोजली. हुशार आणि मागे पडलेल्या मुलांत फरक निघाला तो मिलिमीटरच्या घरातला. मग त्यांना शंका आली, की हुशार मुलाचे डोके मोजताना आपलाच हात तर सैल पडत नाही? त्यांनी स्वतःचीच तपासणी केली, शंका खरी निघाली, आणि ती पद्धत त्यांनी सोडून दिली. आपले रीडिंग चुकीचे आहे हे छापून सांगणारे किती साहेब आपण पाहिले आहेत?

१९०४ मध्ये फ्रेंच सरकारने एक आयोग नेमला. शिक्षण सक्तीचे झाले होते आणि काही मुले वर्गात मागे पडत होती. त्यांना ओळखायचे कसे, हा प्रश्न होता. शिक्षकाच्या मर्जीवर सोडले तर खोडकर मुलालाही मंद ठरवून बाहेर काढतील, ही काळजी होती. बिने आणि तरुण डॉक्टर तेओदोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये तीस कामांची यादी तयार केली. पेटत्या काडीमागे नजर फिरवणे, चॉकलेटचा कागद काढून खाणे, तीन आकडे ऐकून परत म्हणणे, माशी आणि फुलपाखरू यांतला फरक सांगणे, दिसायला सारख्या पण वेगवेगळ्या वजनाच्या डब्या क्रमाने लावणे, अशी ही साधी कामे होती. १९०८ मध्ये ती वयाप्रमाणे मांडली गेली.

आमच्याकडे चाकाची झीज पाहायला गेज असतो. चाक गेजात बसले नाही तर ते व्हील लेथवर जाते आणि मर्यादेपलीकडे झिजलेले नसेल तर आकार घेऊन पुन्हा गाडीखाली लागते. बिने यांची पट्टी या जातीची होती. आज कोणाला मदत हवी, एवढेच तिने सांगायचे. मिळणारा आकडा म्हणजे उंचीसारखे बुद्धीचे माप नव्हे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले होते. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी व्यायामही बसवले होते. त्यांतला एक म्हणजे पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहण्याचा खेळ, त्याने लक्ष एकाग्र होते. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते असे म्हणणाऱ्यांवर ते चिडत, कारण विद्यार्थी असताना एका परीक्षकाने त्यांनाही तत्त्वज्ञानाची बुद्धी कधीच येणार नाही असे सुनावले होते. तो ‘कधीच’ हा शब्द ते विसरले नव्हते.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले. पुढच्याच वर्षी जर्मनीत स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागले आणि बुद्ध्यंक जन्माला आला. अमेरिकेत गोडार्ड यांनी एलिस बेटावर बोटीतून उतरलेल्या परदेशी लोकांच्या चाचण्या दुभाष्यामार्फत घेतल्या आणि त्यांतले बहुसंख्य मंदबुद्धी ठरवले! भाषा परकी, प्रवासाने थकलेली माणसे. आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांना यातले दुःख वेगळे सांगायला नको. १९१६ मध्ये टर्मन यांनी स्टॅनफर्डमध्ये पट्टी नव्याने बांधली आणि ती जगभर गेली. सिमॉन दीर्घायुषी ठरले. बुद्ध्यंक हा मूळ हेतूशी केलेला विश्वासघात आहे, असे त्यांनी उतारवयात बोलून दाखवले.

आपल्याकडे १९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी याच चाचणीची मराठी आणि कानडी आवृत्ती तयार केली. मुलाला त्याच्या घरच्या भाषेत विचारले पाहिजे, हे त्यांना तेव्हा कळले होते.

मुलगी आता आठवीत आहे. गणित अजून कच्चेच आहे. तो कागद माझ्या कपाटात रेशनकार्डाखाली आहे. बायको फाडून टाका म्हणते, मी अजून फाडलेला नाही. यंदा लहान गटाकडून अथर्वशीर्ष पठणाची तयारी तीच करून घेते आहे, आणि मुले तिला घाबरतात असे ऐकतो.